कौलं कोण परतणार?

बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या पुड्या सुटल्या आणि मास्तरांनी मैसूर काढलं. पोरांना झू दाखवायला गेले होते, जाताजाता यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घरही बघून आले. "वरची ती अर्धगोल खोली, खिडक्याच खिडक्या! नुसतं उभं राहिलं तरी लिहावंसं वाटतंय ओ."

"आधी माझी उधारी लिहा," अण्णा म्हणाले. "आणि आपल्या इंदिरा संतांचं काय? जन्म विजापूरकडच्या इंडीचा, हयात बेळगावात, 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी. आम्ही पाहुण्यांना काय दाखवायचं, कुंद्याची मिठाई?"

"ते महाराष्ट्रानं करायला पाहिजे," पप्पू.

"होय की! मुंबईचा मंत्री तुझ्या गल्लीत येऊन खिळा मारणार!"

"मग इथलं सरकार मराठी कवयित्रीसाठी करणार व्हय?"

इथं आवाज चढले. गाडेवाल्यानं मिरच्या तळायच्या थांबवल्या. मास्तर मात्र गप्प बसणारे नव्हेत. नारायण लिहायचे इंग्रजीत, घरात तमिळ. काही कन्नड लेखकांनी स्मारकाला विरोधही केला होता. तरी २०११ साली घर पाडायला घेतल्यावर ओरड झाली, काम थांबलं. पुढं महापालिकेनं ते विकत घेतलं, २०१६ मध्ये लोकांसाठी उघडलं. "आणि धारवाडचे बेंद्रे? घरात मराठी, ज्ञानपीठ कन्नडला. वाटणी कशी करतोस, सांग."

पप्पूनं मिरची तोंडात घातली. मला विचाराल तर भांडण तिथंच मिटलं होतं. पण सिद्दू सुतार इतका वेळ ऐकत होता.

"सगळं खरं की ओ. कौलं कोण परतणार?"

गेल्या मे महिन्यात एका जुन्या घरावर चढला होता. कौल उचललं, खालच्या वाशाला नख लावलं, तर खारीसारखा भुगा. एक कौल फुटलं की आपला पाऊस भिंतीत उतरतो, मग वाळवी. "फीत कापायला शंभर येतात. दर मे महिन्यात वर चढायला?"

मी पुडीतले शेंगदाणे शोधत राहिलो. आजीच्या घरावर आम्हीच पत्रा टाकलाय.

"बुधवारी मोकळा आहे मी," सिद्दू म्हणाला. "बघून तरी येतो. इंदिराबाईंचं घर कुठल्या बाजूला?"

तीन हात वर झाले. तिन्ही वेगवेगळ्या दिशांना.