बटणाचा फोन घेऊन बघितला, त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या मामेभावानं फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं की तो स्मार्टफोन सोडतोय. व्हॉट्सॲपवरच जाहीर केलं, ते सोडा. दादा बेळगावात टिळकवाडीला असतो, पन्नाशी आली, रात्री झोप नाही, डॉक्टरनं सांगितलं मोबाईल कमी करा, आणि कुठंतरी साध्या जगण्यावरचं भाषण ऐकलं (रीलवरच ऐकलं असणार) आणि गणपत गल्लीत जाऊन बटणाचा फोन घेऊन आला. झालं, ग्रुपवर दोन पार्ट्या. एक पार्टी म्हणते वा दादा, आमच्या लहानपणी कुठं होते मोबाईल, काही अडलं का आमचं. दुसरी म्हणते आठ दिवस थांबा, येतोय परत. मी काही बोलले नाही, कारण हे नाटक मी स्वतः करून बसलेय. ते सांगते पुढं.

चौथ्या दिवशी वहिनीचा मला वेगळा मेसेज आला. गॅसचं बुकिंग, शाळेचा ग्रुप, लाईट बिल, भाजीवाल्याचं स्कॅन, सगळं तिच्या फोनवर, आणि वर दादा संध्याकाळी येऊन विचारतोय "मला कुणाचा मेसेज आलाय काय गं?" वहिनी म्हणे, ते सुटले, मी अडकले, सेक्रेटरी झालेय मी त्यांची. मला इतकं हसू आलं आणि मग जरा लाजही वाटली, कारण माझ्या वेळी सेक्रेटरी माझा नवरा होता.

मी नेदरलँडमध्ये, आइंडहोव्हनला, नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी पण बटणाचा फोन घेतला, चाळीस दिवस वापरला. इकडं ही हवा जोरात आहे. जानेवारी 2024 पासून हायस्कूलच्या वर्गात मोबाईल बंद झाले, मग प्राथमिक शाळांत पण, मुलांना स्मार्टफोन उशिरा द्यायचा म्हणून आईबाप एकत्र येऊन ठरवतात, आणि इथलीच एक कंपनी असा फोन विकते की ज्याच्या बाजूला एक बटण आहे, ते सरकवलं की फोन साधा होतो. म्हणजे साधेपणा पण विकत मिळतो, किंमत विचारू नका. मी दहा युरोला जुना नोकिया घेतला.

आणि खरं सांगते, मजा आली. पहिले चार दिवस हात सारखा पर्सकडं जायचा, बस स्टॉपवर उभी राहिले की काय करायचं कळायचं नाही, मग हळूहळू लोकांची तोंडं बघायला लागले. इकडं सायकलच्या रस्त्यांवर नाक्यानाक्यावर नंबरच्या पाट्या असतात, 34 वरून 51, 51 वरून 8 असं जायचं, तर नंबर पेननं मनगटावर लिहून जायची, पावसानं एकदा 8 चा 3 झाला आणि मी कुठल्यातरी गाईंच्या गोठ्याकडं पोचले. ट्रेनला प्लॅस्टिकचं कार्ड दाखवायचं, दुकानात बँकेचं कार्ड. बँकेनं कॅल्क्युलेटरएवढं एक मशीन दिलं होतं, त्यावर आकडे दाबून लॅपटॉपवरून पैसे पाठवता येतात, ॲपची गरज नाही. टॅक्सवाल्यांची पत्रं अजून निळ्या लिफाफ्यातून घरी येतात. माझा साधेपणा चालला तो ह्या सगळ्या सोयींवर चालला, मी काही ऋषी झाले नव्हते.

अडलं दोन ठिकाणी. एक, मुलीच्या शाळेचं ॲप, ते नवऱ्याच्या गळ्यात गेलं. आणि दुसरं, तो निळा लिफाफा. पत्र आलं, पण पत्र डचमध्ये. माझं डच भाजी घेण्यापुरतं आणि "पाऊस लई आज" म्हणण्यापुरतं, सरकारी डच म्हणजे एकेक शब्द हातभर लांब. आधी काय करायची, मोबाईलचा कॅमेरा पत्रावर धरायचा की अक्षरं तिथल्या तिथं इंग्रजी व्हायची. आता मशीन नाही तर शेजारच्या बाईकडं जायचं. ती चांगली आहे, वाचून दाखवते, खरं माझा पगार किती, टॅक्स किती, सगळं तिला कळणार की. तिसऱ्या पत्राला मी ड्रॉवर उघडला आणि स्मार्टफोन चार्जिंगला लावला. चाळीस दिवस पुरे.

तेव्हा मला आई आठवली.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला, जिथं पावसात रेंज आणि लाईट दोन्ही एकदम जातात. आई एकाहत्तर वर्षांची, मराठी सातवी शिकलेली, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. कन्नड बोलते बाजारापुरतं, वाचता अजिबात येत नाही. आणि तिच्या घरात जे जे सरकारी कागद येतात ते कन्नडमध्ये. लाईट बिल, शेताचा उतारा, पंचायतीची नोटीस, बसची पाटी. मराठीतून कागद द्या ही आमच्याकडची मागणी माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे, सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि 2024 मध्ये तर दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदाच झाला. मला आत्ता त्या भांडणात शिरायचं नाही, कन्नड लोकांशी आमचं काही वाकडं नाही, आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड आहेत आणि सणाला ताटं इकडून तिकडं जातात. मी फक्त एवढंच म्हणते की नोटीस आली की आईला ती वाचता येत नाही.

पूर्वी वाचायला बाबा होते. ते एसटीत म्हणजे तिकडच्या सरकारी बसमध्ये कंडक्टर, तीन भाषा तोंडावर. संध्याकाळी खाकी शर्ट काढायच्या आधी आमच्या कट्ट्यावर चार माणसं बसलेली असायची, कुणाचं बँकेचं पत्र, कुणाची कोर्टाची तारीख. बाबा वाचायचे, मराठीत सांगायचे, उलट उत्तर पण लिहून द्यायचे, बदल्यात कुणी फणस आणायचं कुणी काही नाही. आणि सगळ्या गावाची भानगड बाबांना माहीत असायची, कुणाचं कर्ज किती, कुणाचं भावाशी काय. ते बोलले नाहीत कधी, पण माहीत होतं. बाबा गेले आणि वर्षभरात मी आईला स्मार्टफोन घेऊन दिला, तेव्हा माझ्या डोक्यात व्हिडिओ कॉल होता, बाकी काही नव्हतं.

मागच्या दिवाळीत गेले होते तेव्हा बघितलं ती काय करते. पंचायतीचा कागद आला होता. तिनं तो खाटेवर पसरला, कोपऱ्यांवर अडकित्ता आणि चष्म्याची डबी ठेवली, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मग उभी राहून फोन दोन्ही हातांनी धरला, तवा धरतात तसा, आणि खाली वाकून कॅमेरा लावला. अक्षरं हलायला लागली, कन्नडची मराठी झाली, तीही वाकडीतिकडी, घरपट्टीचं "घर पट्टा" असं काहीतरी, खरं आकडा आणि तारीख कळली. आई म्हणाली, "तीस तारखेच्या आत भरायचंय." एवढंच. कुणाच्या दारात गेली नाही. मी म्हटलं आई तू हे कुणाकडनं शिकलीस, तर म्हणे, "कॉलेजच्या पोरानं दाखवलं, त्याला एक लाडू दिला, पुढच्या वेळी आपलंच आपण."

आता ह्या बाईला सांगा साधं जगा म्हणून.

साधं जगणं म्हणजे काय हे जो तो आपल्या भाषेत राहून ठरवतो. पुण्यात राहणाऱ्या माणसाला पाटी मराठी, बिल मराठी, ऑफिसातला साहेब मराठी, त्यानं फोन फेकला तर त्याचं फार तर रिक्षावाचून अडेल. सीमेवरच्या बाईचं तसं नाही. माझं पण नाही, परक्या देशात आलेल्या कुणाचंच नाही. गंमत बघा, आई गाव सोडून कुठं गेली नाही आणि मी सात हजार किलोमीटर लांब आले, आणि दोघी कागदावर कॅमेरा धरून उभ्या.

पेन्शनचं पण घ्या. बाबांच्या पेन्शनसाठी वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला लागतो. आधी त्यासाठी बेळगावला जायची, दोन बस बदलून, अंगठा मशीनवर उठायचा नाही कारण जन्मभर भात लावून आणि भांडी घासून रेषाच गेल्यात. 2021 पासून हा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, चेहऱ्यावर होतो, घरबसल्या मोबाईलवर. कॅमेऱ्यासमोर बसायचं, डोळे मिटायचे उघडायचे. आई पहिल्यांदा पदर डोक्यावर घेऊन बसली, कुंकू लावलं, म्हणाली सरकार बघतंय. बटणाच्या फोनवर हे होत नाही. पैशाचं होतं म्हणतात, साध्या फोनवरून पैसे पाठवायची यूपीआयची सोय 2022 च्या मार्चपासून आहे, पण आमच्या किराणावाल्याला विचारलं तर तो माझ्या तोंडाकडं बघत बसला. आणि बटणाच्या ज्या फोनवर व्हॉट्सॲप चालायचं तेही आता चालत नाही.

मग दादाची पार्टी पूर्ण चुकीची आहे काय? नाही. हीच आई रात्री बारा वाजता रील बघते. गुडघ्याच्या तेलाच्या, सुनेनं सासूला कसं फसवलं ह्याच्या, आणि एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमच्याकडचा काळा दिन, जवळ आला की दोन्ही बाजूंच्या शिवीगाळीच्या. बरं त्यातली निम्मी आमच्यासारखे लोक परदेशात बसून फॉरवर्ड करतात, थंडीत हीटर लावून सीमा लढवतात, मी पण केलीत, खोटं कशाला सांगू. मागं एकदा तिला फोन आला, पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर पार्सल सापडलंय, फोन ठेवायचा नाही. हिंदीत. आई म्हणाली, "मला हिंदी येत नाही, मराठीत बोला नाहीतर कन्नडात बोला", आणि तो वैतागून गेला. भाषा न येण्याचा एवढा एकच फायदा आमच्या घराला झालाय. शेजारच्या काकूंचे मात्र पैसे गेले, किती ते त्या सांगत नाहीत, त्यांनी फोन कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

म्हणून मला हलग्याचं कौतुक वाटतं. हलगा म्हणजे बेळगावजवळचं, जिथं सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं बेळगावातलं विधानभवन, बांधलाय तेच. तिथं 2025 च्या डिसेंबरात गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि नऊपर्यंत टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. कल्पना सांगली जिल्ह्याकडून आली, तिकडं मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून सात वाजता भोंगा वाजतो. जपानमध्ये तोयोआके म्हणून एक शहर आहे, त्यांनी पण 2025 च्या ऑक्टोबरपासून नियम केलाय, कामाधंद्याबाहेर दिवसाला दोनच तास मोबाईल, दंड बिंड काही नाही, नुसतं सांगणं. म्हणजे बघा, कानडी मुलखातलं गाव, सांगलीचं गाव आणि जपान, तिघांचं डोकं एकाच दिशेला चाललं. आणि ह्यात फोन कुणी कुणाचा काढून घेत नाही. दादानं एकट्यानं सोडला तेव्हा भार वहिनीवर पडला. सगळ्या गावानं दोन तास सोडला तर भार कुणावरच पडत नाही, सात ते नऊ कुणाचा मेसेज येणारच नाही तर बघायचं काय?

ग्रुपवर मी हे लिहिलं तर एका चुलतभावाचा (तो पुण्यात) रिप्लाय आला की तुम्ही परदेशात राहून टेक्नॉलॉजीचं कौतुक करता, आम्ही भोगतो. बरं. पण मी कौतुक करत नाही, मी उलटं सांगतेय. इकडं मी चाळीस दिवस फोनशिवाय राहू शकले कारण माणसाला जाऊन विचारायची खिडकी उघडी होती. इथल्या लायब्ररीत एक टेबल असतं, सरकारी वेबसाईट जमत नसेल तर तिथं जायचं, बसलेला माणूस फुकट मदत करतो. कर्नाटकात पण 2022 पासून ग्राम वन (इंग्रजीतलं One) म्हणून सरकारी कामांची केंद्रं आहेत, पंचायतीत सेवा केंद्रं आहेत, कल्पना वाईट नाही. पण आई एका सेंटरवर गेली तर सर्व्हर डाऊन, दुसऱ्या दिवशी गेली तर ओटीपी, आणि ओटीपी आला तो घरी ठेवलेल्या फोनवर. तिथं मराठी वाचणारा एक माणूस बसवा, कागदाच्या मागच्या बाजूला मराठी छापा, मग आईला म्हणते मी, दे फोन कपाटात ठेवून. तोवर नाही म्हणणार. आणि दादाला म्हणेन की सोड, जरूर सोड, खरं वहिनीचा पण एक दिवस ठरव आणि त्या दिवशी तिचा फोन तू सांभाळ.

काल रविवार, आईचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडं संध्याकाळ, चूल पेटवलेली, फोन डब्याला टेकवून ठेवलेला त्यामुळं निम्मं छप्पर दिसत होतं. माझ्या टेबलावर नवा निळा लिफाफा पडला होता, तिला दिसला.

"कसलं पत्र आलंय गं?"

"टॅक्सचं. अजून वाचलं नाही."

"मग वाच की. कॅमेरा धर, मी दाखवलं तसं."

"धरते की थांब."

"अगं, ह्याच्यावर तर माझ्याशी बोलालीस. धरणार कशानं?"

मी फोनकडं बघितलं, पत्राकडं बघितलं, आणि नवऱ्याला हाक मारली.