64-0 नं हरलो तरी चालेल, पण टीम आजपासून उभी करा

आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या 2036 चं ऑलिम्पिक गाजून राहिलंय. अहमदाबादला 2030 चं कॉमनवेल्थ मिळालंच आहे, आता ऑलिम्पिकही येणारच असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलंय. त्यात माझ्या मामेभावानं मुद्दा टाकला की वॉटर पोलोत, म्हणजे पाण्यात पोहत बॉल गोलमध्ये मारायच्या खेळात, यजमान देशाला थेट जागा असते, म्हणजे बायकांची टीमही उतरवावी लागणार, "आणि ताई, कोरियाचं काय झालं होतं माहीत आहे ना, 64-0, काहून आपलं नाक कापून घ्यायचं, तोच पैसा बुद्धिबळाला द्या, आपली दिव्या देशमुख वर्ल्ड कप घेऊन आली की नाही?" त्याला भराभर अंगठे आले. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते, इथे हा खेळ डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देणं मला जमेना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

दिव्याचं कौतुक मला कोणापेक्षा कमी नाही. 2025 मध्ये बाटुमीला ती जिंकली तेव्हा इथल्या ऑफिसात मी ती आमच्या नागपूरची आहे हे सगळ्यांना सांगत फिरले. पण एका पोरीच्या यशाचा दाखला देऊन दुसऱ्या पोरींचं दार बंद करायचं हे मला पटत नाही.

आधी ते 64-0 नीट पाहू. 2019 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप दक्षिण कोरियात ग्वांगजूला झाली. यजमान म्हणून बायकांच्या वॉटर पोलोत जागा मिळाली, पण देशात बायकांची टीमच नव्हती. मग पोहणाऱ्या मुली गोळा केल्या, त्यातल्या कित्येक शाळकरी, आणि स्पर्धेआधी जेमतेम सहा आठवडे सराव दिला. पहिलाच सामना हंगेरीशी, 64-0. त्या मुलींनी ठरवलं होतं, स्पर्धेत एक तरी गोल करायचा. पुढचा सामना रशियाशी, तोही 30-1 नं हरल्या, पण तो एक गोल क्योंग दा-सुल नावाच्या मुलीनं केला आणि सगळी टीम आनंदानं रडली. तिसऱ्या सामन्यात कॅनडाविरुद्ध दोन गोल झाले. मला यात कुठेच नाक कापलेलं दिसत नाही. लाज कोणाला वाटायला हवी असेल तर ज्यांनी वर्षानुवर्षं काही केलं नाही आणि सहा आठवड्यांत पोरींना पाण्यात ढकललं त्यांना. टोकियो ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मुली पहिल्यांदाच उतरल्या आणि आमच्या इथल्या डच टीमनं त्यांना 33-1 नं हरवलं, तरी त्या पुढचा सामना खेळायला पाण्यात उतरल्याच. आपल्याकडे नियम आहे की सांघिक खेळात आशियात पहिल्या आठात असाल तरच एशियाडला पाठवणार. पैशाच्या हिशेबानं ठीक वाटतं, पण मोठ्या टीमशी खेळायलाच मिळालं नाही तर आठात येणार कशा?

जानेवारी 2024 मध्ये बायकांची युरोपियन चॅम्पियनशिप आइंडहोव्हनलाच होती. बाहेर कडाक्याची थंडी, आत पूलवर दमट गरम हवा आणि शिट्ट्यांचा नुसता गोंगाट. पाण्यात एका बाजूला गोलकीपर धरून सात जणी, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. गोलकीपर सोडून कोणीही दोन हातांनी बॉल धरायचा नाही, आणि तळाला पाय टेकायचा नाही म्हणजे नाही. पाण्याखाली पाय रवीनं ताक घुसळल्यासारखे सतत फिरत असतात, त्यावर कमरेपर्यंत अंग वर काढून त्या बॉल फेकतात. सामन्याआधी हाताची नखं तपासतात, कारण खाली ओढाओढी खूप चालते, म्हणून स्विमसूटही जाड, घट्ट, पाठीमागे चेन असलेला. फायनलला नेदरलँड्सनं स्पेनला 8-7 नं हरवलं. त्याच स्पेननं सहा-सात महिन्यांनी पॅरिसला ऑलिम्पिक गोल्ड घेतलं.

आता कोणी म्हणेल, तिकडचं वेगळं असतं. वेगळं आहे, पण आपोआप झालेलं नाही. पुरुषांचा वॉटर पोलो ऑलिम्पिकमध्ये 1900 पासून, बायकांचा थेट 2000 ला सिडनीत, म्हणजे शंभर वर्षं. आणि तेही ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी स्विमसूट घालून सिडनी एअरपोर्टवर ऑलिम्पिकच्या पदाधिकाऱ्यांना गाठलं, मागणी लावून धरली, तेव्हा. मग त्याच ऑस्ट्रेलियानं फायनलला अमेरिकेला 4-3 नं हरवलं, शेवटच्या दीड सेकंदात इव्हेट हिगिन्सनं गोल मारून. लॉस एंजेलिसला 2028 मध्ये बायकांच्याही बारा टीम असतील, पॅरिसला दहाच होत्या.

आणि इथलं सगळं गोड आहे असंही नाही. इथे जिकडेतिकडे कालवे, म्हणून पाच-सहा वर्षांचं पोर झालं की पोहण्याच्या क्लासला घालतात. माझ्या मुलीच्या डिप्लोमाच्या परीक्षेत कपडे आणि बूट घालून उडी मारायची होती, मग पाण्याखाली लावलेल्या पडद्याच्या भोकातून पलीकडे निघायचं. काठावर मी हात घट्ट धरून उभी होते, ती मात्र भिजल्या बुटांसकट मजेत पोहून बाहेर आली. पण त्या क्लासला शेकडो युरो लागतात, वेटिंग लिस्ट असते, शाळेतलं सक्तीचं पोहणं सरकारनं 1985 मध्येच बंद केलं, त्यामुळे गरीब आणि बाहेरून आलेल्या घरांतली मुलं मागे पडतात. तरी पाया मोठा आहे आणि त्यातूनच नॅशनल टीमच्या पोरी वर येतात.

आमच्या नागपुरात पाणी कमी आहे का? अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, एवढे तलाव. दर उन्हाळ्यात खदानीत पोहायला गेलेली पोरं बुडाल्याची बातमी येतेच. त्या बातमीत पोरी कमीच, कारण त्या पाण्याजवळ फारशा जातच नाहीत. माझ्या लहानपणी ज्या पूलवर मी जायचे तिथे लेडीज बॅच भर दुपारी असायची, मे महिन्यातलं पंचेचाळीसचं ऊन, आणि घरी आल्यावर शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "पोरगी काळी पडून राहिली ना वहिनी, पुढे लग्नाला त्रास जाईल." चांगल्या वेळा पोरांना. मी पाण्यात हात-पाय मारायला शिकले तेवढ्यात शाळा सुरू झाली आणि ते सुटलंच. आताही बऱ्याच घरांत पोरीचं पोहणं म्हणजे एप्रिल-मेचा समर कॅम्प, जूनला बंद. याच शहरात राहणाऱ्या कांचनमाला पांडे यांनी डोळ्यांनी दिसत नसताना 2017 मध्ये मेक्सिकोला पॅरा स्विमिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड आणलं, तरी आमच्या ग्रुपवरच्या किती जणांना ते नाव माहीत आहे?

2036 ला जी मुलगी खेळेल ती आज दहा-अकरा वर्षांची आहे. बायकांच्या वॉटर पोलोचं मैदान 25 मीटर लांब, एवढा पूल आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, अडचण पाण्याच्या खोलीची, कारण एका टोकाला पाय टेकतात. पण सुरुवातीला तेही चालेल, दोन गोलपोस्ट आणि बॉल याला कितीसा खर्च येतो. खरी गरज आहे संध्याकाळच्या लेडीज बॅचची, बारा महिने चालणाऱ्या पूलची, महिला कोचची आणि कपडे बदलायला कडी लागणाऱ्या स्वच्छ खोलीची. केरळ, बंगालच्या पोरी नॅशनलला खेळतात, आपल्या महाराष्ट्रातल्याही खेळतात, पण खेळ पुण्या-मुंबईकडे, विदर्भाचं नाव काढलं तर शांतता.

मामेभावाला मी एवढंच लिहिलं की भाऊ, तुझी स्वतःची लेक दहा वर्षांची आहे, तिला घाल आधी पोहायला, आणि जूनमध्ये पूलवाल्यांनी बॅच बंद केली तर वॉर्डाच्या नगरसेवकाकडे तू आणि वहिनी दोघं जा, एकटीला नको पाठवू.