चौदा ग्रॅमचं खूळ: घरच्या पोकर-चिप्सवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पोळा जवळ आला की आमच्याकडे पेपरात ‘५२ ताशपत्त्यांच्या जुगारावर धाड’ अशा बातम्या सुरू होतात आणि पत्तेवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. यंदा पोकर-चिप्सचा (पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी मांडायच्या गोल चकत्या) एक मेसेज मला चार ग्रुपांवर आला, त्यातला एक ग्रुप भजनी मंडळाचा. मेसेज थोडक्यात असा: ‘घरीच कॅसिनो! पोकर टूर्नामेंटसाठी स्वतःच्या चिप्स बनवा. चौदा ग्रॅमचीच घ्या, कॅसिनोत तीच असते. १०, २०, ५०, १००, २००, ५०० अशा नोटांच्याच आकड्यांच्या घ्या आणि ₹ छापा, म्हणजे हिशोब सोपा. रंग आवडीचे. कोणत्याही चिपवर स्टिकर लावला की काम झालं. ५०० चिप्सचा सेट वीस जणांना पुरतो. चिप म्हणजे पैसा नाही, त्यामुळे पोलिसांचं काही चालत नाही. चिपवर ग्रुपचं नाव आणि वर्ष टाकायला विसरू नका.’

माझं छपाईचं दुकान आहे, आर्वीकडे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, मगावर फोटो, असलं काम. आम्ही नऊ-दहा जण दरवर्षी पोळ्याच्या रात्री पोकर खेळतो. पैसे लावत नाही. रोडगे आणि वांग्याच्या भाजीपुरती वर्गणी, आणि जिंकेल त्याच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी वर्षभर राहतो. पहिल्या वर्षी चिंचोका शंभराचा आणि तुरीचा दाणा पंचवीसचा धरून खेळलो होतो. तेव्हापासून आजपर्यंत या मेसेजातल्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतःच्या खर्चानं करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी वजन. कॅसिनोतली नेहमीची चिप साधारण ३९ मिलिमीटर व्यासाची आणि साडेआठ ते दहा ग्रॅमची असते. साडेअकरा, साडेतेरा, चौदा ग्रॅम ही सगळी घरगुती सेटची वजनं. प्लास्टिकच्या चिपच्या पोटात धातूची चकती घातली की वजन वाढतं, एवढंच. मला खात्री करायची होती, म्हणून भंगारातल्या स्पीकरचं चुंबक आमच्या ‘क्ले’ लिहिलेल्या चिपला लावलं. टपकन चिकटली. मग आरीनं कापली, तर आत वॉशरसारखी लोखंडी चकती. माती कुठंच नव्हती.

जड चिप हातात बरी वाटते, हे कबूल. पण विषय स्वतःच्या डिझाइनचा आहे, आणि तिथं चौदा ग्रॅमचा आग्रह आडवा येतो. चकतीवाल्या चिपची कड कारखान्यातच साच्यात पक्की झालेली असते, तुमच्या हाती फक्त मधला गोल उरतो. पूर्ण चेहरा आणि कड दोन्ही छापायची तर सिरॅमिक म्हणतात ती चिप लागते, जी दहा ग्रॅमच्या आसपास असते. नाव सिरॅमिक असलं तरी ती भट्टीत भाजलेली नसते, तेही एक प्रकारचं प्लास्टिकच. तिच्यावर सब्लिमेशननं छापतात, म्हणजे शाई उष्णतेनं वरच्या थरात मुरवतात. मगावर फोटो छापतो तीच रीत. हे कळल्यावर मी शहाणपणा केला आणि घरच्या साध्या चिप्स मगाच्या मशीनमध्ये घातल्या. ते प्लास्टिक शंभर-एकशेपाच अंशांच्या पुढं मऊ पडतं आणि मशीन १८० ते २०० वर चालतं. चिप्सच्या जिलब्या झाल्या. दुकानातल्या पोरानं त्यातली एक अजून काउंटरवर ठेवलीय, गिऱ्हाइकांना दाखवायला.

आता ‘कोणत्याही चिपवर स्टिकर’. इथं मी धंद्यातला माणूस म्हणून जरा थांबतो. स्टिकर वाईट नाही, कमी खर्चाचा तो एकच रस्ता आहे. पण ‘कोणत्याही चिपवर’ नाही. चिपच्या मधोमध खोलगट गोल जागा हवी, म्हणजे स्टिकर कडेच्या पातळीखाली बसतो. सपाट चिपवर लावला की तो वर राहतो, दुसऱ्या चिपशी घासतो आणि वीस चिप्सची चळत कलते. खोलगट जागेचा व्यास सेटागणिक वेगळा असतो, म्हणून आधी कॅलिपरनं मोजायचं आणि स्टिकर त्यापेक्षा एक मिलिमीटर लहान कापायचा. मी पहिल्या खेपेला बरोबर मापाचा कापला होता. पोळा म्हणजे श्रावणातली अमावस्या, हवेत ओल, त्यात रोडग्याचं तूप लागलेले हात. रात्री अकरापर्यंत कडा उचलल्या आणि काकाजी एकेका चिपचा स्टिकर नखानं काढत बसले, शेंगा सोलाव्यात तसे. कागदी स्टिकर तर नकोच. व्हिनाइल घ्यायचं, वर मॅट लॅमिनेशन (चकचकीत असलं की दिव्याचा उजेड उलटतो आणि आकडा दिसत नाही), चिप स्पिरिटनं पुसायची आणि मग दाबून लावायचं. लावल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

नोटांच्या आकड्यांचं सांगणं वरवर पटतं. आपल्याला दहा-वीस-पन्नासची सवय आहेच. पण नोट आपण पाकिटातून काढून एकदा देतो. चिप रात्रभर मोडावी लागते, आणि मोडताना वीसच्या चिप्सचे पन्नास होत नाहीत. दोन दिल्या की चाळीस, तीन दिल्या की साठ. शिवाय सहा-सात किमती म्हणजे सहा-सात रंग, आणि शेजारच्या किमती एकमेकींच्या इतक्या जवळ की चिप्स नुसत्या इकडून तिकडे. टूर्नामेंटमध्ये २५, १००, ५००, १०००, ५००० ही मालिका चालते त्याचं कारण सरळ आहे: चार पंचविसांचे शंभर, पाच शंभरांचे पाचशे, दोन पाचशेंचे हजार. काहीच उरत नाही. ब्लाइंड २५-५० पासून सुरू होतात. (तीन पत्तीतला ब्लाइंड वेगळा, तिथं पत्ते न बघता खेळणारा तो ब्लाइंड. इथं ती पत्ते वाटायच्या आधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम असते. दरवर्षी नव्या माणसाला हे समजावण्यात अर्धा तास जातो.) पुढं ब्लाइंड वाढले की पंचविसाची चिप निरुपयोगी होते. मग ती सगळ्यांकडून गोळा करून मोठ्या चिपमध्ये बदलून द्यायची. हे बदलणंसुद्धा या मालिकेत सोपं जातं.

₹ चं चिन्ह तर नकोच. टूर्नामेंटमध्ये प्रत्येकाला दहा हजारांच्या चिप्स मिळतात आणि वर्गणी असते जेवणापुरती. त्यातल्या पाच हजारांच्या चिपवर ₹ छापलेला फोटो कुणी स्टेटसला टाकला, की बघणाऱ्याला काय वाटेल ते सांगायला नको. एका गिऱ्हाइकानं मला पाचशेच्या नोटेचा रंग आणि गांधीजींचं चित्र असलेलं डिझाइन आणलं होतं. मी परत केलं. नोटेशी साधर्म्य असलेला कागद छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. दंड फार नाही, पण छापणाऱ्याचं नाव सांगायला लागतं, आणि ते नाव माझं असतं.

‘रंग आवडीचे’ या दोन शब्दांनी आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. मेसेजात याला अर्धी ओळ आहे, मी जास्त जागा घेणार.

आमच्या दुसऱ्या सेटमध्ये पंचवीस हिरवी आणि पाचशे लाल होती. कागदावर झकास दिसत होती. अमावस्येची रात्र, लाइन गेलेली, ओसरीवर एक चार्जिंगचा दिवा. भाऊजींनी शंभर म्हणून चिप्स पुढं ढकलल्या, चार. त्यातल्या दोन लाल. मी म्हटलं, भाऊजी, हे एक हजार पन्नास झाले. ते चिप डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “हे लाल हाय का हिरवं? मले तं दोन्ही मातकटच दिसते बाप्पा.” ताई आतून ओरडली, “त्याईले पिकलं टमाटं बी कळत नाही, मीच निवडून देतो बाजारात!” पंधरा वर्षांच्या सोयरिकीत आम्हाला हे माहीत नव्हतं. लाल-हिरव्याचा फरक न कळणं पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, आणि दहा पुरुषांच्या टेबलावर असा एखादा बसलेला असणं काही नवल नाही.

तेव्हापासून डिझाइन झालं की मी त्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो करून बघतो. त्यात ज्या दोन चिप्स सारख्या राखाडी दिसतील, त्यातली एक बदलायची. दुसरं म्हणजे चिप आपण वरून बघतो असं वाटतं, पण खेळताना समोरच्याची चळत बाजूनं दिसते. तिथं आकडा नसतोच, फक्त कड असते. कॅसिनोच्या चिपला कडेवर पट्टे असतात ते याचसाठी: शंभरांच्या चळतीत पाचशेची एक घुसली तर पट्ट्यांची रांग मोडते आणि लांबूनही कळतं. मेसेज लिहिणाऱ्याला कॅसिनोचं वजन दिसलं, कड दिसली नाही.

आमचा आताचा सेट असा आहे. पंचवीस पांढरी, वर कापसाचं बोंड. शंभर निळी, पळसाचं पान. पाचशे संत्र्याच्या रंगाची, संत्रंच आणि कडेला पांढरे पट्टे. हजार काळी, बैलाचं तोंड. पाच हजार पिवळी, कडेला जाड काळे पट्टे, ताडोब्याचा वाघ. आकडा वर एकदा आणि खाली उलटा एकदा, म्हणजे समोरच्यालाही वाचता येतो. आकड्यांचा फॉन्ट जाड आणि बिननक्षीचा. लग्नपत्रिकेचा वळणदार फॉन्ट मी एकदा लावून पाहिला, त्यातला पाच सहासारखा दिसत होता.

५०० चिप्स वीस जणांना पुरतात का? इथं मेसेज निम्मा खरा आहे, आणि हे मी हिशोब मांडल्यावरच मान्य केलं. दर माणशी दहा हजार द्यायचे: पंचविसाच्या आठ, शंभराच्या आठ, पाचशेच्या चार, हजाराच्या दोन, पाच हजाराची एक. तेवीस चिप्स झाल्या. वीस जणांना ४६०. पुढं बदलून द्यायला वीस-पंचवीस मोठ्या चिप्स लागतात, म्हणजे पाचशेत बसतं. पण तयार सेटमध्ये बहुतेकदा पाच रंगांच्या शंभर-शंभर असतात, आणि वीस जणांना पंचविसाच्याच १६० लागतात, शंभराच्याही तेवढ्याच. उलट पाच हजाराच्या चाळिसापुढच्या नुसत्या डब्यात राहतात. छापून घेताना रंगवार संख्या सांगून घ्या. आमच्यासारखे दहा असतील तर अडीचशे-पावणेतीनशेत भागतं. निम्मा खर्च वाचतो, तो सिरॅमिकवर घाला.

राहता राहिले पोलीस. ‘चिप म्हणजे पैसा नाही’ असं म्हणणारा मेसेज दोन ओळी वर ₹ छापायला सांगतो, हे आधी बघा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा लागू आहे. त्यात प्रश्न असतो पैज लावली का, याचा. चिपवर काय छापलंय याचा नाही. टेबलाखाली नोटा फिरत असतील तर चिंचोकेसुद्धा जुगाराचं साधन म्हणून जप्त होऊ शकतात. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यात सूट आहे, पण पोकर त्यात येतो असं गृहीत धरू नका. रमीला सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरला २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं तसं म्हणायला नकार दिला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकरचं नाव घेऊन सूट दिली आहे, आपल्या कायद्यात ते नाव नाही. आम्ही पैसे लावत नाही, दार उघडं ठेवतो, आणि नंदी बाजेवर सगळ्यांना दिसेल असा मांडतो. गेल्या साली पोलीस पाटील येऊन रोडगे खाऊन गेले.

शेवटचं, नाव आणि वर्ष. नाव छापा, हौस आहे. वर्ष छापू नका. चिप्स हरवतात, माणसं वाढतात आणि दोन वर्षांनी पन्नास चिप्स जास्तीच्या मागवाव्या लागतात. तेव्हा एकतर खोटं वर्ष छापायचं, नाहीतर एकाच किमतीच्या दोन तऱ्हेच्या चिप्स टेबलावर. म्हणून मी आता सुरुवातीलाच प्रत्येक रंगाच्या दहा जास्त काढून ठेवतो, कारण नंतरच्या खेपेत रंगाची छटाही तंतोतंत जुळत नाही. वर्ष छापलेल्या आमच्या साठ चिप्स भाचीनं नेल्या. तान्ह्या पोळ्याला तिच्या नंदीच्या गळ्यात घुंगरांच्या जागी त्याच होत्या, भोकं पाडून ओवलेल्या, आणि चालताना खुळखुळत होत्या, कारण आत लोखंड होतं.