हॅलोविनचा पोशाख घरीच करा, बरं का!

दुकानात तयार राजकन्या मिळते, पंख आणि मुकुटासकट. ती घेऊ नका. शाळेत कार्यानुभवात तुम्हाला ‘अ’ श्रेणी होती आणि डायपरची रिकामी खोकी गराजमध्ये पडूनच आहेत. पोशाख घरी करा.

आधी मुलाला विचारा, “तुला काय व्हायचंय?” आमची चार वर्षांची म्हणाली, “रिक्षा.” उन्हाळ्यात पुण्याला जाऊन आल्याचा परिणाम. न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत बाकीच्या पोरी परी नाहीतर चेटकीण होतात, हिला तीन चाकं हवी होती. मला गहिवरून आलं. तुम्हालाही येऊ द्या, त्या भरातच माणूस रात्री दीडपर्यंत जागतो.

फेल्ट आणायला जोआन या कापड-कलाकुसरीच्या दुकानात जाते म्हणू नका, ती दुकानं २०२५ मध्ये देशभर बंद झाली. पिवळी डक्ट टेप, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, चाकांना कागदी प्लेटा आणि ग्लू गन. बोट भाजतंच.

मीटर विसरू नका. चालला नाही तरी चालतो, रिक्षाचाच आहे.

मागे ‘आईचा आशिर्वाद’ लिहा. ‘शि’ ऱ्हस्व. पुण्यात बघितली तश्शी.

खोकं घातलेलं मूल कारसीटमध्ये बसत नाही, हे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लक्षात यावं. पायऱ्या दिसत नाहीत हेही, आणि शूला लागलीये हेही. शिवाय थंडी. जॅकेट आत घालावं तर खोकं बगलेत फाटतं, वरून घालावं तर होत नाही. नवऱ्याचं घाला. पावसाळ्यात ताडपत्री टाकून उभी केलेली रिक्षा दिसते, फार अस्सल.

आता चॉकलेटं मागत दारोदार फिरा. पोर्चवर दिवा लावलेला असेल तिथेच जायचं, दिवा बंद म्हणजे येऊ नका, हे इथे शेंबड्या पोराला कळतं. पहिल्या घरी “अय्या, मधमाशी!” दुसऱ्या घरी टॅक्सी. तिसऱ्या घरी स्कूलबस. चौथ्या घरी लेक स्वतःच सांगते, “मी मधमाशी आहे.” तुम्ही हसा.

निळसर-हिरवा भोपळा ठेवलेलं घर सोडू नका. शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असलेल्या पोरांसाठी तिथे स्टिकर, पेन्सिली असतात आणि कुणी परीक्षा घेत नाही.

आणि हो, आपल्या माणसांच्या घरी आवर्जून जा! एका दारावर दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकत होता. मीच तिकडे वळले. काकांनी दार उघडलं, हातात चॉकलेटांचं भांडं. लेक म्हणाली, “ट्रिक ऑर ट्रीट.” काका म्हणाले, “असं नाही. आधी शुभं करोति म्हणून दाखव.” मागे पाच-सहा पोरांची रांग, वारा सुटलेला, खोक्याची एक बाजू हातात आलेली. तिने सुरुवात केली हो बिचारीने! ‘धनसंपदा’पर्यंत गेली आणि अडली. काका भांडं छातीशी धरून, “पुढे? शत्रु... शत्रु...” रांगेतला डायनासोर माझ्याकडे बघतोय. लेकीचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा मला विचारणा, “घरी शिकवत नाही वाटतं?” मग प्रदक्षिणा घालून रिक्षेची पाहणी. “घरी केलंय का? वाटलंच.” मग वाकून मागचं वाचलं आणि म्हणाले, “शी दीर्घ हवी.”

रिक्षावर ऱ्हस्वच असते, काका!

मग एक चॉकलेट दिलं. एक. अंगठ्याएवढं. वर “दात किडतात” हे फुकट.

आता सल्ले पुरे. अख्ख्या गल्लीत त्या खोक्याला रिक्षा म्हणून ओळखेल असं एकच घर होतं. मधमाशी म्हणणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांनी रिक्षा पाहिलेली नाही, तरी त्यांनी हसून मूठभर चॉकलेटं टाकली. काका, तुमचं अर्धं आयुष्य रिक्षात गेलं असेल. “स्वारगेटला येणार का?” एवढं विचारलं असतंत तर पोरगी वर्षभर तेच सांगत फिरली असती. तुम्हाला तेवढ्यात पाठांतर सुचलं. चार वर्षांच्या पोरीला थंडीत उभं करून तुम्ही कसली संस्कृती राखलीत? माझ्या मराठीची काळजी तुम्ही करू नका. तुमची स्वतःची नातवंडं मराठी बोलतात का, ते मी दारात उभी राहून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

घरी येऊन तिने खोकं काढलं आणि विचारलं, “आई, मी चुकले का?”

पुढच्या वर्षी पोर्चवरचा दिवा बंद ठेवा, काका. नाहीतर ते भांडं पायरीवर ठेवा आणि आत जाऊन बातम्या बघा.