किचन स्पीकर सापडला नाही

पुण्यात कुठल्याही विषयाला तज्ज्ञ मिळतोच, पण किचनमधला वायफाय स्पीकर अ‍ॅपमध्ये का दिसत नाही, या विषयाला ते गरजेपेक्षा जास्त मिळतात. शेजारचे काका चष्मा कपाळावर सरकवून सांगतात, "स्पीड कमी आहे तुमचा." इंजिनियरिंगला असलेला भाचा म्हणतो, "मामा, फॅक्टरी रिसेट मार." नेटच्या हेल्पलाइनवरची मुलगी म्हणते, "सर, मोडेम एकदा बंद करून चालू करता का?" आणि त्याच दमात ३०० स्पीडचा प्लॅन सुचवते. तिघांचंही निदान बहुतेक वेळा चुकतं, पण तिघांचा आवाज इतका ठाम असतो की आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं.

स्पीडचं आधी निकालात काढू. सीडीच्या दर्जाचं गाणं, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, जराही न दाबता पाठवलं तरी सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. म्हणजे दीड एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सुद्धा नाही. ५० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये अशी तीसेक गाणी एकदम वाजतील. एवढे स्पीकर विसर्जन मिरवणुकीत एकेका मंडळाकडे असतात आणि तेही वायफायवर नसतात. तेव्हा स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा असेल तर खुशाल टाका, पण किचनमधला अभंग त्याने सुरू होणार नाही.

खरी भानगड वेगळीच असते. फोनकडे स्पीकरचा पत्ता मुळात नसतोच. जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहून "जोशी आहेत का?" अशी हाक मारायची आणि जोशींनी माडीवरून ओ द्यायची, तशी ही पद्धत. तिला एमडीएनएस म्हणतात. फोन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर हाक मारतो. स्पीकर ओ देतो. मग अ‍ॅपमध्ये त्याचं नाव उमटतं. फोनवरून स्पीकरला गाणं पाठवणारी एअरप्ले, क्रोमकास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट ही सगळी मंडळी याच हाकेवर चालतात. डीएलएनए ही गाणं पाठवण्याची आणखी एक पद्धत, तिची हाक वेगळी, २३९.२५५.२५५.२५० वर, पोर्ट १९००. एमडीएनएसची हाक चौकापुरतीच असते. दिंडीदरवाज्याबाहेर ती जात नाही आणि जाऊही नये, अशीच तिची रचना आहे.

आता घरोघरी काय झालंय पाहा. फायबर आणणाऱ्याने टीव्हीच्या वर जो पांढरा डबा ठोकला, त्याला सगळे मोडेम म्हणतात. पण तो स्वतःच राउटर असतो आणि स्वतःचं वायफायही सोडतो. त्याच्यापुढे आपण तीन नोडचा, म्हणजे घरभर वायफाय पसरवणाऱ्या तीन डब्यांचा, मेश संच हौसेने आणून लावतो. त्यातला मुख्य नोड, तोही राउटर. प्रत्येक राउटरचं नेटवर्क वेगळं, म्हणजे एका टूबीएचकेत दोन चौक झाले. स्पीकर मेशच्या चौकात बसलाय. फोनला जुन्या वायफायचा पासवर्ड पाठ आहे, म्हणून तो कुणाला न विचारता तिकडे जातो आणि तिथे उभा राहून जोशींना हाका मारतो. दोघांचंही इंटरनेट झकास चाललेलं असतं, म्हणून संशय कुणालाच येत नाही.

हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं की आयपी पत्ता दिसतो. स्पीकरचा पत्ता मेशच्या अ‍ॅपमध्ये, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो. घरगुती नेटवर्कमध्ये बहुतेक वेळा पहिले तीन आकडे सारखे हवेत. फोन १९२.१६८.१.१२ आणि स्पीकर १९२.१६८.६८.२० असेल, तर चौक वेगळे. (स्पीकरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने आपल्या मनाने एक घेतलाय. त्याला बंद करून परत चालू करणं हाच उपाय. हेल्पलाइनवाल्या मुलीचा सल्ला इथे मात्र लागू पडतो.)

उपाय दोन. सोपा असा: मेशच्या अ‍ॅपमध्ये मोड बदलून अ‍ॅक्सेस पॉइंट करायचा, म्हणजे राउटरचं काम डब्याकडे राहील आणि मेश नुसतं वायफाय सोडेल, आणि पांढऱ्या डब्याचं वायफाय बंद करायचं. दुसरा उपाय डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकण्याचा, म्हणजे त्याचं राउटरपण काढून घेण्याचा. त्यासाठी पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या कनेक्शनचं, युजरनेम-पासवर्ड मेशमध्ये भरावं लागतं, कधी व्हीलॅनचा आकडाही लागतो, आणि हे सगळं कंपनीकडून काढून घ्यावं लागतं. "ब्रिज मोड" असं म्हणताच फोनवर जी शांतता पसरते ती फार गाढ असते. माझं मत विचाराल तर पहिला उपाय करा. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये काही मेशची मुलांवर नजर ठेवण्याची सोय बंद पडते, एवढाच तोटा. मुलांना तो तोटा वाटत नाही.

पत्ते जुळतात तरी दिसत नाही? मग फोनवर व्हीपीएन चालू आहे का बघा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या प्रत्येक घरात एक तरी फोन किंवा लॅपटॉप असा असतो, ज्याचं सगळं बोलणं आधी ऑफिसात जातं आणि मग जगात. त्याला स्वयंपाकघर दिसत नाही. आयफोनवर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत लोकल नेटवर्क नावाची यादी आहे. गाण्याच्या अ‍ॅपला तिथे परवानगी नसेल तर अ‍ॅप बापडं हाक मारूच शकत नाही. पहिल्यांदा उघडताना त्याने विचारलेलं असतं आणि आपण न वाचता "नको" म्हटलेलं असतं. तिसरी शक्यता गेस्ट नेटवर्कची. तिथे उपकरणांनी एकमेकांशी बोलायचंच नाही असा नियम असतो. पाहुण्यांसाठी तो योग्यच आहे, पण स्पीकर पाहुणा नाही.

यापुढचा त्रास जरा लबाड असतो. स्पीकर दिसतो, चार-पाच मिनिटं राहतो आणि गायब होतो. इथे आयजीएमपी स्नूपिंग या सेटिंगवर संशय घ्यावा. अशा हाका कुणाला ऐकायच्या आहेत याची यादी ठेवण्यासाठी ते असतं. नेटवर्कमधल्या कुणीतरी दर १२५ सेकंदांनी "अजून ऐकताय ना?" असं विचारायचं असतं. विचारणारा कुणी नसेल तर साधारण २६० सेकंदांनी नाव यादीतून खोडलं जातं. म्हणून ती चार-पाच मिनिटं. हे सेटिंग चालू असेल तर बंद करून बघा, बंद असेल तर चालू करून. उत्तर अशास्त्रीय वाटेल, पण प्रत्येक राउटरची तऱ्हा वेगळी. फक्त एका वेळी एकच बटण फिरवा आणि काय फिरवलं ते दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाच सेटिंग्ज एकदम बदलून स्पीकर चालू झाला तर कशाने झाला ते ब्रह्मदेवाला कळणार नाही, आणि पुढच्या वेळी परत पाचही बदलावी लागतील.

शिवाय वायफायवर या हाकेची पोच नसते. डेटाचं साधं पाकीट हरवलं तर परत पाठवतात. ही हाक हरवली तर हरवली. त्यात ती सगळ्यांना ऐकू जावी म्हणून सगळ्यात संथ वेगाने सोडतात, २.४ गिगाहर्ट्झवर कित्येकदा १ एमबीपीएसने. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत फोन काढून बघा, नेटवर्कची यादी बोटाने सरकवता सरकवता अंगठा दुखतो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. सगळी इमारत त्या तिघांत दाटीवाटीने बसलेली. कुणीतरी हुशारीने ३ नंबर निवडतो आणि १ व ६ अशा दोन्हींना त्रास देतो. तेव्हा या तिघांतलाच त्यातल्या त्यात मोकळा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधलं चॅनल बरं. ५२ ते १४४ मधली बहुतेक चॅनल रडारशी वाटून घेतलेली आहेत. तसा सिग्नल जाणवला की राउटर गाणं अर्ध्यात टाकून चॅनल सोडतो. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून पोळ्या गरम होताना स्पीकर अडखळतो. मिक्सरवर मात्र उगाच आळ येतो. त्याच्या ठिणग्यांनी खरखरायचा तो जुना रेडिओ.

नोड कुठे ठेवायचा, यावर घराघरांत जे वाद होतात त्यात वायफायचा विचार सोडून सगळ्याचा विचार होतो. तो दिसता कामा नये, म्हणून टीव्हीमागे जातो, चपलांच्या कपाटात जातो, माळ्यावर पितळी पातेल्यांच्या शेजारी जातो. धातू, आरसे आणि पाणी हे तिघे त्याचे वैरी. पेठेतल्या वाड्याची हातभर जाड भिंत ५ गिगाहर्ट्झ अडवते आणि नव्या इमारतीतलं काँक्रीटही दयामाया दाखवत नाही. सर्वांत मोठा घोळ असा की जिथे रेंज नाही तिथेच नोड नेऊन ठेवतात. नोड आधी मुख्य राउटरकडून घेतो, मग पुढे देतो. त्यालाच मिळालं नाही तर देणार काय? फोनवर मात्र चार काड्या पूर्ण दिसतात, कारण फोन नोडच्या शेजारी आहे. उपाशी नोड आहे. त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून उणे ६५ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास मिळतो. उणे ७५च्या पलीकडे गेलात तर गाण्यापेक्षा विराम जास्त ऐकू येतील. दोन नोडमध्ये कॅट ६ची नेटवर्कची तार ओढणं जमलं तर या परिच्छेदातलं निम्मं विसरलं तरी चालेल. भिंतीच्या कडेने पांढरी तार दिसेल. महिन्याभरात कुणाला दिसेनाशी होते.

स्पीकरचा आणखी एक गुण: एकदा एका नोडला चिकटला की चिकटला. आणि पुण्यात गुरुवार वीज बंद ठेवून दुरुस्ती करायचा वार असल्यामुळे त्याला नव्याने चिकटायची संधी वारंवार मिळते. वीज आली की स्पीकर अर्ध्या मिनिटात जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, नोड त्याहून उशिरा. स्पीकर जो पहिला भेटेल त्याला धरतो, मग तो तीन खोल्या पलीकडे का असेना. उपाय म्हणजे पांढरा डबा आणि मुख्य राउटर १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर टाकणं. घेताना अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा आकार तिन्ही बघा. मेशच्या अ‍ॅपमध्ये स्पीकरला जवळचा नोड बांधून देता आला तर द्या, आयपी पत्ता राखून ठेवा. स्पीकर जुना असेल तर वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर ठेवा; नुसत्या डब्ल्यूपीए३ वर तो जोडलाच जात नाही आणि कारणही सांगत नाही.

आता भाच्याचा फॅक्टरी रिसेट. ९ मार्च २०२५ला जगभरची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही गूगलची उपकरणं एकाएकी रुसली. कारण होतं गूगलच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपणं. कुणाच्या घरातलं काहीच बिघडलं नव्हतं. गूगलने सांगितलं, रिसेट करू नका, दुरुस्ती पाठवतोय. ती काही दिवसांत आली. ज्यांनी आधीच रिसेट मारला होता त्यांना सेटअपच पूर्ण होईना, आणि त्यांच्यासाठी वेगळी दुरुस्ती यायची वाट पाहावी लागली. घरोघरचे भाचे त्या आठवड्यात गप्प होते.

गाणं आपोआप थांबत असेल तर नेटवर्क तपासण्याआधी घरातली माणसं तपासा. कास्ट चालू असताना, म्हणजे क्रोमकास्टच्या पद्धतीने गाणं वाजत असताना, त्याच वायफायवरच्या अँड्रॉइड फोनवर प्ले-पॉजची सूचना येते. आजी ती सूचना "काहीतरी आलंय" म्हणून दाबते. गूगल होममध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमधून इतरांचं हे नियंत्रण बंद करता येतं. आजींना समजावण्यापेक्षा ते सोपं.

सगळं जमलं, हॉल आणि किचन दोन्ही एकत्र वाजायला लागले, की शेवटची तक्रार येते: आवाज दोनदा ऐकू येतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. १० मीटरवरच्या स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा पोचणार, त्याला कुठलाही राउटर जबाबदार नाही. उशीर त्याहून जास्त वाटला तर ग्रुपच्या सेटिंगमधली डिलेची पट्टी जरा सरकवा. कमी वाटला तर मधलं दार लोटून घ्या.