डबी तीन पिशव्यांत गुंडाळून आणू नका

मागच्या आठवड्यात सकाळी साडेसातला एक बाई लॅबमध्ये आल्या. हातात कॅरीबॅग, तिच्यात आणखी एक कॅरीबॅग, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी. काउंटरवर दोनच माणसं होती, पण ती जाईपर्यंत बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, मुलाची स्टूल टेस्ट करायचीय. जंत असतील म्हणतात डॉक्टर. पण आमच्याकडे असलं काही नसतं हो. आरओचं पाणी पितो आम्ही."

स्लाइड पाहिली, काही सापडलं नाही. रिपोर्ट देताना मी सहज विचारलं, "रात्री शीच्या जागी खाजवतो का?" त्या गप्प झाल्या. महिनाभर मुलगा नीट झोपला नव्हता आणि हे त्यांनी डॉक्टरांनाही लाजून सांगितलं नव्हतं. मी त्यांना पारदर्शक चिकटपट्टी दिली आणि काय करायचं ते समजावलं. दुसऱ्या दिवशी त्या पट्टीवर अंडीच अंडी होती, एका बाजूने चपटी, दुसऱ्या बाजूने फुगीर. सुतकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत. बाईंचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे आमच्या कामवाल्या मावशींकडूनच आलं असणार."

त्या वाक्यासाठी ही पोस्ट लिहितेय. बावीस वर्षं नाशकात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आहे, आणि हे वाक्य मी कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही.

सुतकृमीला झोपडपट्टी लागत नाही. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, तिथे खाज सुटते, मूल खाजवतं आणि अंडी नखांत जातात. काही तासांत ती दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. तिथून बेंच, पेन्सिल, चादर, धाकट्या बहिणीचं खेळणं. शाळेतून घरात आणि घरातून शाळेत असा हा प्रवास एसी वर्गातही होतो. मावशींकडून मुलाला आले असतील तर मुलाकडून मावशींनाही गेले असतील, आणि त्यांच्या घरी गोळी आणायला कोणी गेलं नसेल. माझ्या लेकीला तिसरीत असताना झाले होते. मी स्वतः लॅबवाली, तरी सासूबाईंना सांगितलं नाही. त्या लाजेपायी आजींना औषध दिलं गेलं नाही आणि दोन महिन्यांत लेकीला परत त्रास सुरू झाला. सुतकृमीला घरातल्या सगळ्यांनी एकदम गोळी घ्यावी लागते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळी अंड्यांना मारत नाही. हे मला पाठ होतं. तरी लपवलं.

लोक विचारतात, नाशकात जंत किती जणांना असतील? आमचे रिपोर्ट बघून कुणी "फार नाहीत" म्हणालं तर ते मी मान्य करणार नाही. आमच्याकडे येतो तो आधीच दुखतंय म्हणून आलेला. ज्याच्या पोटात पाच-सहा गोल जंत निवांत आहेत त्याला काही होतच नाही, तो येणार कशाला? जो येतो तो एकच डबी आणतो. खरं तर वेगवेगळ्या दिवशीच्या तीन तपासायला हव्यात, कारण अंडी रोज सारखी पडत नाहीत. डबी आदल्या रात्रीची असली तर अंकुशकृमीची (हुकवर्म, आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत) अंडी ओळखणं अवघड होतं. ताज्या नमुन्यात पातळ कवचाच्या आत चार-आठ पेशी स्वच्छ दिसतात, शिळ्यात आतली अळी तयार होऊ लागलेली असते. आणि सुतकृमी स्टूलमध्ये बहुतेकदा सापडतच नाहीत. म्हणून रिपोर्टवरच्या "ओव्हा सिस्ट निल" (अंडी, कोष नाहीत) याचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी त्या स्लाइडवर नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 150 कोटी लोकांना गोल जंत, अंकुशकृमी अशा मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण आहे. भारतात 1 ते 14 वयाची 24 कोटींहून जास्त मुलं धोक्यात मोजली जातात. धोक्यात म्हणजे सगळ्यांना झालेत असं नाही. पण एवढ्या मोठ्या आकड्यातून फक्त आपली सोसायटी सुटली, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

गोल जंताची मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते. ती लगेच लागण करत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे पिकावी लागतात, आणि तशीच वर्षानुवर्षं टिकूही शकतात. पाण्यातल्या क्लोरीनला ती दाद देत नाहीत. आता आपलं शहर डोळ्यांसमोर आणा. गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नासर्डी नदीचं पाणी कसं असतं ते पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना सांडपाणी द्यायचं तर लिटरमागे एकापेक्षा जास्त अंडं नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्येच सांगितलंय. आपण मिसळीवर जी कोथिंबीर पेरतो ती कुठल्या पाण्यावर वाढली, हे भाजीवाल्या दादांनाही सांगता येणार नाही. त्यांचा दोष नाही. आरओ नळाच्या पाण्याला लावता येतो, जुडीला नाही.

मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. गोल जंताचं अंडं त्याने खात्रीने मरत नाही. त्याचं बाहेरचं आवरण खडबडीत आणि चिकट असतं, ते वाहत्या पाण्याखाली पान न पान चोळूनच जातं. नाहीतर शिजवून. दात खातो म्हणजे जंत, गोड खाल्लं की जंत होतात, हेही सोडून द्या. गुळाच्या खड्यात अंडी नसतात, न धुतलेल्या हातावर असतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो अंकुशकृमीसाठी. त्याची अळी तोंडातून कमी, अनवाणी पायाच्या कातडीतूनच जास्त शिरते. पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या बायका बघा, ओल्या मातीत दिवसभर, पायात काही नाही. एक अंकुशकृमी रोज 0.03 ते 0.2 मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला जेमतेम काही थेंब. पण शंभर-दीडशे असतील, वर्षानुवर्षं असतील आणि ताटात लोह नसेल तर हिमोग्लोबिन सहा-सातवर येतं. मग तिला टॉनिक देतात, "खात जा नीट" असं सांगतात. स्टूल टेस्ट लिहिलेली मला क्वचित दिसते. गोळी तर काही रुपयांची आहे.

याच गोळीला आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विरोध होतो. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, 10 फेब्रुवारीला, बऱ्याच राज्यांत 10 ऑगस्टलाही. शाळा, अंगणवाड्यांतून 1 ते 19 वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. तपासणी न करता देतात, कारण गोळी सुरक्षित आणि स्वस्त आहे, आणि प्रत्येक मुलाची डबी तपासत बसणं शक्य नाही. आदल्या रात्री मेसेज फिरतात, "आमचं मूल देणार नाही, सरकारी गोळ्यांचा भरवसा नाही." गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी होऊ शकते, आणि पोटात जंत जास्त असलेल्या मुलाला जास्त. त्या दिवशी मूल आजारी असेल तर थांबा, नंतर द्या. पण गोळी फक्त महापालिकेच्या शाळेतल्या मुलांसाठी आहे, आपल्या मुलांना कशाला, असं म्हणू नका. ती मुलं आणि आपली मुलं एकाच बागेतल्या वाळूत खेळतात.

त्या बाईंना मी कामवाल्या मावशींबद्दल हे सगळं बोलले. जरा जोरातच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांच्या मुलांनापण सांगू का गोळी घ्यायला?" मी म्हटलं, सांगा, पण दोष देऊन नको, "आमच्याकडे निघालेत, तुम्हीही घ्या" असं सांगा.

आणि ज्यांच्या मुलाला रात्री खाज आहे पण रिपोर्ट कोरा आलाय, त्यांनी लॅबमध्ये चिकटपट्टीची तपासणी मागा. सकाळी मूल उठल्या उठल्या, शीला जायच्या आणि अंघोळीच्या आधी पट्टी लावायची. एका दिवशी नाही सापडलं तर सलग तीन दिवस. आणि डबी एका पिशवीत आणली तरी चालते.