जर्सीवर नाव छापू नका!

जुलै आला की पोटात गोळा येतो. ट्रेड डेडलाइन! म्हणजे बेसबॉल संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख. ओकलंड ए'ज या अमेरिकन बेसबॉल संघाचा चाहता म्हणजे दरवर्षी लेक सासरी धाडणारा बाप. हौसेनं जर्सीवर नाव छापावं, तर रंग उडायच्या आत खेळाडूच उडतो.

२०१४ चंच घ्या. संघ अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पहिला. मग गप्प बसायचं ना? छे! ३१ जुलैला आमचा तडाखेबंद फलंदाज सेस्पेडेस बॉस्टनला, बदल्यात पिचर (चेंडू फेकणारा) जॉन लेस्टर. आणि दोनच दिवसांनी मैदानावर सेस्पेडेसचेच टी-शर्ट फुकट वाटायचे ठरलेले. वाटलेही! नवरदेव पळाला, पण पंगत उठलीच.

फळ काय? मोसमाअखेरच्या बाद सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये (डावात) ७-३ पुढे, बाराव्यात ९-८ हरून घरी. लेस्टर मोसम संपताच 'शिकागो कब्स' संघाकडे. जुलैतच आमचा तरुण खेळाडू अ‍ॅडिसन रसेलही तिकडेच देऊन टाकलेला. २०१६ मध्ये दोघांनी तिथे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा, करंडक उचलला. आम्ही? टीव्हीसमोर टाळ्या!

म्हणे 'भविष्याची बांधणी'! कुणाचं भविष्य? २०२४ नंतर अख्खा संघच ओकलंडमधून बिऱ्हाड घेऊन गेला की! तो टी-शर्ट परवा फरशी पुसायला काढला. कापड मात्र टिकाऊ निघालं हं.